जुनं घर, गोठा पाडताय? जेसीबी बोलावण्याआधी एक दिवस पाहणीला द्या

रत्नागिरी : दिवाळी झाली, भात घरात आलं की जिल्ह्यात जेसीबीचे दिवस सुरू होतात. ते थेट मृगाच्या तोंडापर्यंत. या काळात जुनी चिरेबंदी घरं, पडके गोठे, बागेतल्या खोपी, पंपघरं, आंब्याच्या पॅकिंगच्या शेड पाडल्या जातात. कुणाला स्लॅबचं घर बांधायचं असतं. कुणी बाग विकलेली असते आणि घेणाऱ्याला तिथं होम-स्टे काढायचा असतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर या तालुक्यांतली रस्त्याकडेची कितीतरी घरं आणि गोठे गेले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मंडणगड आणि दापोली तालुक्यांत छपरंच्या छपरं उडाली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं. त्यात खिळखिळी झालेली कितीतरी बांधकामं आता एकेक करून जमीनदोस्त होतायत.

पाडायचं ठरलं की घरात चौकशी दोनच गोष्टींची होते. जेसीबीचा तासाचा दर काय, आणि जुन्या लाकडाला गिऱ्हाईक आहे का. माळ्यावर, पडवीत, गोठ्याच्या कोपऱ्यात काय पडून आहे हे मात्र कुणी बघत नाही. मालक मुंबईला, फोनवर सांगणार, "लावून टाका जेसीबी." दोन तासांत सगळं सपाट. त्या ढिगात चिरे असतात, कौलं असतात, आणि त्यांच्याबरोबर फुटलेले सिमेंटचे पत्रे, औषधांच्या बाटल्या, गंजलेले डबे, जळक्या ऑइलचा ड्रमही असतो. मग तो ढीग डंपरमध्ये भरून कुणाच्या तरी पायवाटेला, कुणाच्या तरी भरावाला जातो.

आपल्याकडे ही गोष्ट जास्त जपायला हवी, त्याचं कारण आपल्या जमिनीत आहे. जांभा दगड सच्छिद्र, त्याला भेगा फार. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि ते पाणी जांभ्यातून झपाट्याने खाली उतरतं. वाडीतल्या विहिरी बहुतेक घरांच्या खालच्या अंगाला. म्हणजे वरच्या अंगणात जे सांडलं ते एक-दोन पावसाळ्यांत खालच्या विहिरीकडे निघतं. ती विहीर पाडणाऱ्या मालकाचीच असेल असंही नाही. खालच्या वाडीची नळपाणी योजना तिच्यावर असू शकते.

त्यामुळे जे काढायचं ते पाडण्याआधी काढायला हवं. विषारी वस्तू आधी वेगळी केली तर दोन पोती भरतात. तीच वस्तू मातीत मिसळली की दोन डंपर माती बिघडते, आणि मग ती निवडणं कुणाच्याच हातात राहत नाही.

आधी जुन्या गड्यांना विचारा

पाहणीची सुरुवात माणसांपासून करायची. आज आंबा बागांमध्ये राखण आणि फवारणीला बऱ्याच ठिकाणी नेपाळी कामगार आहेत. ते दर हंगामाला बदलतात, त्यांना वीस वर्षांपूर्वीचं काही ठाऊक नाही. ज्याने आयुष्यभर त्या बागेत पंप मारला तो म्हातारा गडी मात्र गावात असतो. त्याला घेऊन जागेवर जा. घरातल्या जुन्या बायकांनाही विचारा. धान्यात काय घालत होतो, वाळवीला काय ओतलं होतं, उंदराचं औषध कुठं ठेवायचो, हे त्यांना बरोबर आठवतं.

विचारायचं ते असं : औषधं कुठल्या खोलीत ठेवत होतात? औषध कालवायचा ड्रम कुठं असायचा? पंप कुठं धुवत होतात? उरलेलं औषध कुठं ओतायचात? डिझेल इंजिन कुठं बसवलं होतं? जुनी विहीर किंवा खड्डा बुजवला आहे का, आणि त्यात काय टाकलं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एंडोसल्फान हे औषध आपल्याकडेही आंब्याच्या तुडतुड्यांवर आणि काजूच्या ढेकण्यावर मारलं जायचं. केरळच्या कासारगोड जिल्ह्यात सरकारी महामंडळाच्या काजू मळ्यांवर ते सुमारे २० वर्षं हेलिकॉप्टरने फवारलं गेलं. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्याचं उत्पादन, विक्री आणि वापर थांबवला. फवारणी बंद झाली तरी उरलेला साठा तिथल्या गोदामांत वर्षानुवर्षं पडून राहिला, गंजलेल्या पिंपांतून तो नव्या पिंपांत भरावा लागला. त्यातलं काही औषध मिंचिनपदवु इथल्या मळ्यातल्या एका पडक्या विहिरीत टाकून ती बुजवली, अशी तक्रार राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पथकाला तिथं जाऊन नमुने घ्यावे लागले. फवारणी थांबून २० वर्षं उलटल्यावर ही वेळ आली. आपल्या बागा लहान, साठा लहान, पण विहीर बुजवायची सवय सारखीच आहे.

कागदावर नकाशा काढा

माहिती मिळाली की जागेवर फिरून वहीच्या पानावर साधा नकाशा काढा. घर, गोठा, न्हाणीघर, पंपघर, गायरी, शौचकूप, विहीर, पऱ्या, गडगा हे सगळं दाखवा. मग पावसाचं पाणी कुठून कुठं वाहतं त्याचे बाण काढा. हे गावातल्या कुणालाही जमतं, त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. गड्याने दाखवलेल्या जागांवर फुली मारा. कुठली फुली विहिरीच्या वरच्या अंगाला येते ते लगेच दिसतं. पहिलं काम तिथं.

प्रत्येक खोलीचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढे जागा घेणाऱ्याने किंवा शेजाऱ्याने काही विचारलं तर दाखवायला उपयोगी पडतात. मालक मुंबईत असेल तर गणपतीला किंवा शिमग्याला आल्यावर ही फेरी उरकून घेता येते.

औषधांची खोली

पडवीतली फळी, माळा, पंपघर आणि पॅकिंग शेडचा कोपरा या चार जागी हमखास काहीतरी सापडतं. आत जाण्याआधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास वारा खेळू द्या. हातमोजे आणि पायात बूट हवेत. एकट्याने जाऊ नका. डबा उघडून वास घेऊन ओळखायचा प्रयत्न तर अजिबात नको.

लेबल शिल्लक असेल तर त्यावरचा रंगीत चौकोन आणि त्यातला त्रिकोण बघा. लाल म्हणजे अतिविषारी, त्याच्यावर कवटीचं चित्र असतं. त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा आणि सगळ्यात कमी विषारी हिरवा. जुन्या घरांत जे सापडू शकतं त्यातली मुख्य औषधं अशी :

बी.एच.सी. पावडर. घराघरांत पोत्याने असायची. १९९७ पासून देशात बंदी आहे. डी.डी.टी. ची शेतीतली परवानगी त्याआधीच, १९८९ मध्ये गेली. या दोन्ही पावडरी मातीत लवकर विरघळून जात नाहीत, वर्षानुवर्षं चिकटून राहतात, आणि जनावराच्या दुधातूनही माणसाच्या अंगात येतात.

अल्ड्रिन आणि क्लोरडेन. वाळवीसाठी पायात आणि लाकडाच्या बुंध्यात ओतायची औषधं. १९९६ पासून बंद.

मोरचूद. सुपारीच्या कोळेरोगासाठी दापोली, गुहागरच्या बागांत पावसाआधी बोर्डो मिश्रण मारतात. १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. जिथं वर्षानुवर्षं मिश्रण कालवलं तिथं जमीन आणि भिंत निळसर-हिरवी दिसते. तांबं मातीतून जात नाही. ते तळ्यात किंवा वहाळात उतरलं तर मासे मरतात.

धान्यात ठेवायच्या गोळ्या. अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या या गोळ्यांना ओल लागली की फॉस्फीन हा जीवघेणा वायू सुटतो. जुन्या कणगीशेजारी डबी सापडली तर ती न उघडता, कोरडी ठेवून उचलायची. पाणी ओतून गोळ्या "मारायचा" उद्योग करू नये.

कार्बाईड. आंबा पिकवायला त्याच्या वापरावर बंदी आहे, पण जुन्या पॅकिंग शेडमध्ये पत्र्याचा डबा निघू शकतो. त्याला पाणी लागलं की पेट घेणारा वायू तयार होतो. अशा शेडमध्ये ग्राइंडर किंवा वेल्डिंगची ठिणगी पडली तर भडका उडेल.

बिनलेबलाच्या बाटल्या. सर्वांत घातक याच. दारूच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवलेलं औषध पाडणाऱ्या मजुराला ओळखू येत नाही. त्यांना सगळ्यात विषारी समजूनच हाताळायचं.

औषध अंगात जायला ते पिण्याचीच गरज नसते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. तिथं औषध कातडीतून आणि श्वासातून गेलं होतं. बंद खोलीत फुटलेल्या बाटलीजवळ काम करणाऱ्याला तोच धोका. चक्कर, घाम, तोंडाला लाळ, डोळ्यापुढे अंधारी असं काही वाटलं तर कपडे काढून अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाचं लेबल किंवा त्याचा फोटो दवाखान्यात न्या.

सिमेंटचे पत्रे

माकडं कौलं फोडतात म्हणून आपल्याकडे कितीतरी जणांनी पडवीवर, गोठ्यावर सिमेंटचे पत्रे चढवले. या पत्र्यात सिमेंटबरोबर साधारण आठ-दहा टक्के अॅस्बेस्टॉसचा तंतू असतो. अखंड, रंगवलेला पत्रा डोक्यावर असताना त्रास कमी. तो फुटला, कापला, घासला की डोळ्याला न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि फुफ्फुसात जाऊन रुततात. फुफ्फुसं घट्ट होणं, फुफ्फुसाचा कर्करोग, आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग, हे आजार त्यातून होतात. ते दिसायला २०, ३०, ४० वर्षंही जातात. त्यामुळे आज पत्रे फोडणाऱ्या पोराला काहीच होत नाही असं वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की अॅस्बेस्टॉसचा प्रत्येक प्रकार कर्करोग करतो. आपल्या देशात त्याचं खाणकाम थांबलेलं आहे, पण बाहेरून आणलेल्या पांढऱ्या अॅस्बेस्टॉसचे पत्रे अजून कायदेशीर विकले जातात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अॅस्बेस्टॉस कारखान्यांतल्या कामगारांच्या वैद्यकीय तपासणीचा आणि नुकसानभरपाईचा आदेश दिला. गावात पत्रे उतरवणारा मजूर मात्र कुठल्याच कारखान्याच्या पटावर नाही.

बिनअॅस्बेस्टॉसचे पत्रेही बाजारात मिळतात, पण नुसतं बघून फरक कळत नाही. त्यामुळे जुना करडा, पन्हळी पत्रा दिसला की तो अॅस्बेस्टॉसचाच धरून चालायचं. पावसाच्या पाण्याचे जुने सिमेंटचे पन्हाळे आणि पाइपही तसेच.

उतरवण्याची पद्धत सोपी आहे. फवारणीचा पंप स्वच्छ धुऊन त्यात नुसतं पाणी आणि थोडं साबणाचं पाणी घ्या, पत्रे दोन्ही बाजूंनी भिजवा. ओल्या पत्र्याची धूळ उडत नाही. हुकाचे नट पान्याने सोडवा. गंजून आवळले असतील तर हुक कापा, पत्रा कापू नका. पत्रा अखंड खाली हातात द्या, वरून टाकू नका. पत्र्यावर पाय देऊन चालायचं नाही, जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही आणि खाली पडून जीव जातो. फळी टाकून तिच्यावरून चाला. तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग नाही, नाकाला घट्ट बसणारा, असे बारीक तंतू अडवणारा मास्क हवा. लहान मुलं, गुरं लांब ठेवा. काम झालं की जागा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मजुराने तेच कपडे घालून घरी जाऊन पोराला उचलून घेऊ नये. कपडे वेगळे धुवायचे.

तुटके तुकडे दुहेरी जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, बांधून, वर रंगाने "अॅस्बेस्टॉस" लिहून ठेवा. ते पायवाटेच्या भरावाला, कोंबड्यांच्या खुराड्याखाली किंवा पाणंदीतल्या खड्ड्यात टाकू नका. गाडीच्या चाकाखाली ते रोज थोडे थोडे भुगा होत राहतात.

लाकूड आणि रंग

सागवान, फणस, शिवणीच्या जुन्या लाकडाला शहरात मागणी आहे. तो पैसा सोडावा असं कुणी म्हणणार नाही. पण त्यावरचे रंगाचे थर बघा. घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवायचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं. तुळशीपुढच्या ओटीवर बसून पॉलिश पेपरने दारं-खिडक्या घासल्या तर ती धूळ घरातल्या लहान मुलांच्या पोटात जाते. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. रंग घासायचा तर ओला करून, आणि मुलांपासून लांब.

उरलेली तुटकी लाकडं न्हाणीघराच्या चुलीत किंवा बंबात जातात. डांबर फासलेली, जळकं ऑइल किंवा वाळवीचं औषध प्यायलेली, रंगवलेली लाकडं जाळायची नाहीत. ती राख परसातल्या अळवाला, वांग्याला टाकायची तर नाहीच. साधं कोरं लाकूड तेवढं चुलीला.

गोबर गॅस, शौचकूप आणि आड

एकेकाळी गोठ्यामागे सरकारी अनुदानातून गोबर गॅसची टाकी बसली. गुरं गेली, टाकी तशीच राहिली. वर झावळ्या, माती, गवत. जेसीबीचं चाक तिच्यावर गेलं तर यंत्र आत जातं. आत शिल्लक असलेला मिथेन ठिणगीने पेटतो आणि दुसरा, सडक्या अंड्यासारखा वास असलेला वायू माणसाला बेशुद्ध करतो. तो वायू जास्त झाला की वासही येईनासा होतो. शौचकूप आणि बंद विहिरीतही हीच गत. एक आत उतरून पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दोघेही जातात. अशा बातम्या दरवर्षी कुठून ना कुठून येतात.

म्हणून आत कुणीही उतरायचं नाही. झाकण दोन-तीन दिवस उघडं ठेवून, कुंपण घालून, मळी वरूनच पंपाने काढून घ्यायची. आग, विडी, मोबाईलचा टॉर्च हातात धरून वाकून बघणं, सगळं लांब. टाकी रिकामी झाल्यावर स्वच्छ मातीने भरायची.

वापरातल्या विहिरीवर पाडण्याआधी ताडपत्री बांधून घ्या. वापरात नसलेला आड राडारोडा टाकून बुजवू नका. तो भूजलाचा उघडा मार्ग आहे. त्यात टाकलेलं सगळं थेट झऱ्यात जातं. बुजवायचाच असेल तर स्वच्छ चिरा-मातीने.

विजेची लाइन महावितरणला कळवून रीतसर तोडून घ्या. ट्यूबलाइट फोडू नका, त्यात पारा असतो. फवारणी पंपाच्या जुन्या बॅटऱ्या वेगळ्या काढा.

फुरसं, विंचू आणि बाकीचे भाडेकरू

फुरशांसाठी आपला जिल्हा पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. चिऱ्यांच्या रचलेल्या ढिगात, गडग्यात, लाकडांखाली फुरसं असतं. नाग, घोणस, विंचू, गांधीलमाश्यांचं पोळं, माळ्यावर वटवाघळं, हे सगळे पडक्या घराचे भाडेकरू. आदल्या दिवशी काठीने आवाज करत फिरा. चिरा हाताने न उचलता पहारीने सरकवा. साप किंवा घोरपड दिसली तर मारू नका, दोघांनाही वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा गावातल्या सर्पमित्राला कळवा. वटवाघळांच्या लेंडीची आणि उंदरांच्या मुताची धूळ उडवू नये, पाणी मारून ओलं करूनच काढावं. उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो हे कोकणात वेगळं सांगायला नको. पायाला जखम असेल त्याने त्या चिखलात उतरू नये.

माती आणि पाणी कधी तपासायचं

पंप धुवायच्या जागी गवत उगवत नसेल, मातीला वास असेल, रंग बदललेला असेल, तर ती जागा संशयाची. डिझेल इंजिनाच्या चौथऱ्याभोवती काळी, तेलकट माती दिसते. अशी माती आधी फावड्याने, हातभर खोल, वेगळी उचलून पोत्यात भरा. ती बाकीच्या मातीत पसरवू नका.

इथं एक गैरसमज आहे. शेतकऱ्याला मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब, जस्त, लोह, तांबं असे १२ घटक असतात. त्यात मोरचुदाचं तांबं वाढलेलं कळू शकतं. कीटकनाशकाचा अंश त्यात तपासला जात नाही. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीतही क्षार आणि जंतू बघतात. औषधाचा अंश बघायचा तर "कीटकनाशक अंश तपासणी" असं स्पष्ट सांगून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना द्यावा लागतो. ती महाग असते, म्हणून सगळीकडची माती पाठवू नका. नकाशावर विहिरीच्या वरच्या अंगाला आलेल्या फुलीची माती आणि त्या विहिरीचं पाणी, दोनच नमुने पुरे. नमुना कसा घ्यायचा आणि कुठं पाठवायचा याचा सल्ला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून घ्या. नमुना पाडण्याच्या आधीचा हवा. आधीचा अहवाल हातात असला की नंतर पाणी बिघडलं तर कशामुळे हे सांगता येतं.

सापडलेलं ठेवायचं कुठं

खरी अडचण इथं येते. बांधकाम-पाडकाम कचऱ्याचे केंद्राचे नियम २०१६ मध्ये आले. त्यात दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांच्या वर कचरा करणाऱ्यांना आराखडा द्यावा लागत होता. वाडीतलं एक घर त्यात बसत नव्हतं. २०२५ मध्ये नवे नियम निघाले, त्यांचाही रोख मोठ्या प्रकल्पांवर आहे. कचरा वेगळा करणं आणि तो रस्त्यात, वहाळात न टाकणं ही जबाबदारी मात्र छोट्यामोठ्या सगळ्यांवर आहे. उरलेली कीटकनाशकं घातक कचऱ्यात मोडतात. घातक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारं केंद्र तळोजाला आहे. लोट्यासारख्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांना त्याची वाट माहीत असते. दोन किलो बी.एच.सी. घेऊन शेतकरी तिकडे जाणार कसा?

तोपर्यंत करण्यासारखं एवढं आहे. सगळी जुनी औषधं मूळ डब्यांसकट, न ओतता, न मिसळता, झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये उभी ठेवा. गळती असेल तर खाली कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा घाला. ड्रमवर नाव, तारीख आणि कवटीचं चित्र काढा. कुलपाच्या, कोरड्या, विहिरीपासून लांबच्या जागी ठेवा. मग यादी करून तालुका कृषी अधिकारी, पंचायत समितीचा कृषी विभाग आणि चिपळूणचं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय यांना लेखी अर्ज द्या, आणि पोच घ्या. कीटकनाशक नियमांत डबे फोडून वस्तीपासून दूर पुरायला सांगितलं आहे, ते रिकाम्या डब्यांबद्दल आहे. भरलेलं औषध आपल्या जांभ्यात पुरणं म्हणजे ते पावसाच्या हवाली करणं. जाळणंही तितकंच वाईट, धुरातून विष पसरतं.

जेसीबीवाल्याशी बोलताना चार ओळी कागदावर घ्या. पत्रे आधी उतरवलेले असतील, यंत्राने फोडायचे नाहीत. ढीग कुठं टाकणार ती जागा ठरलेली. टाकी आणि आड कुठं आहे ते दाखवलेलं. जागा विकत असाल तर काय काढलं आणि काय राहिलं ते साठेखताबरोबर लिहून द्या. घेणारे असाल तर मागून घ्या. महामार्गात घर गेलेल्यांनीही ताबा देण्याआधी औषधं आणि पत्रे स्वतः काढावेत. ठेकेदाराचं यंत्र आलं की ते निवडत बसत नाही.

ग्रामपंचायतीने करायचं काम

हा प्रश्न एकेका शेतकऱ्याने सोडवायचा नाही. आंब्याचा हंगाम संपल्यावर तालुक्याला एक दिवस ठरवून जुनी औषधं आणि तुटके पत्रे गोळा केले, आणि ती गाडी एकदाच तळोजाला गेली, तर प्रत्येक घरावरचा भार नगण्य होईल. ग्रामसभेत असा ठराव घेऊन पंचायत समितीकडे पाठवायला कुणाची परवानगी लागत नाही. घर पाडल्याची नोंद नमुना ८ वरून कमी करायला माणूस ग्रामपंचायतीत येतोच. त्या अर्जाबरोबर "औषधं काढली, पत्रे उतरवले, टाकी रिकामी केली" असं एक पान भरून घेतलं तरी अर्धं काम होईल.

तोवर ज्याचं घर पाडायचं आहे त्याने जुन्या गड्याला घेऊन, वही-पेन घेऊन, एक दिवस त्या जागेत फिरावं. जेसीबी दुसऱ्या दिवशी आला तरी चालतो.